वेग : सगळ्यात सावकाश

खडकी, ५ जुलै २००३

चि. पूर्वा,

तुझी फाईल पोचली. सोबत एकच ओळ : "मामा, खेळणार का? पत्र लिहायला मला जमत नाही."

शाळेत निबंधाची बक्षिसं घरी आणणाऱ्या मुलीला मिनियापोलिसला गेल्यावर पत्र जमेना. असो. मी वर्तमानपत्रात सदर लिहितो, म्हणजे दर रविवारी कुणी न मागता हजारो लोकांना पत्र पाठवतो. त्यात आणखी एक. तू फाईल पाठव, पत्रं मी लिहितो.

खेळ तोच ना, जाण्याआधी माझ्या कॉम्प्युटरवर घालून दिला होतास तो? काळाकुट्ट नकाशा, त्यात बिऱ्हाड डोक्यावर घेऊन उभी असलेली चार माणसं, आणि त्यांचं राज्य करून दाखवायचं. तेव्हा मी तो जलद वेगावर खेळायचो. सकाळच्या चहाला गाव वसवायचं आणि जेवणाच्या पानावर बसेपर्यंत साम्राज्य गमवायचं. आता तू वेगाच्या जागी 'सगळ्यात सावकाश' टाकलं आहेस. दिवसाला एक चाल तुझी, एक माझी, आणि फाईल ईमेलनं इकडून तिकडे. बाजारातल्या शकीलला विचारलं. हा डबा मला विकल्यापासून तो मला टाळतो, पण त्या दिवशी सापडला. म्हणाला, "अनंतराव, हा डाव तुमच्या नातवंडांना पुरेल." माझं लग्नच झालेलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. खडकीत आपुलकी अशीच दाखवतात.

माझी चाल झाली आहे. उभा होतो तिथेच गाव वसवलं आणि लगेच भव्य ग्रंथालय बांधायला घेतलं. पुण्याचा माणूस, आधी ग्रंथालय, मग पाण्याचं बघू. तू मात्र अजून गावच वसवलेलं नाहीस म्हणे. बिऱ्हाड घेऊन नुसती हिंडते आहेस. हिंड.

ता. क. : "आईविषयी काही लिहायचं नाही" ही तू फोनवर घातलेली अट मला मान्य आहे. फक्त माझ्या घरातल्या जागेच्या टंचाईविषयी कळवतो. ताई मे महिन्यात दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाली, क्वार्टर सोडावं लागलं, आणि मांजरी गावात घेतलेला फ्लॅट अजून उसातच आहे. त्यामुळे ती माझ्याकडे राहायला आली आहे. हे तिच्याविषयी नाही. माझ्या कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांविषयी आहे.

मामा


खडकी, २४ जुलै २००३

चि. पूर्वा,

ग्रंथालय अजून जोत्यावरच आहे. दरम्यान कुठूनसे लुटारू आले, माझं एकुलतं एक शेत जाळून गेले. गावात शिपाई नव्हता. ग्रंथपालही नव्हता.

मी पडद्यासमोर बसून जे शब्द वापरत होतो ते सदरात छापत नाहीत. तेवढ्यात एक व्यक्ती गवारीच्या शेंगा मोडत मागे येऊन उभी राहिली. ही व्यक्ती कोण ते मी लिहिणार नाही, अट आहे.

"हे बांधकाम पुरं कधी होणार?"

"दिवाळीनंतर."

"आणि तोवर गावात कोण?"

"कुणी नाही."

"अनंता, तुझ्या हातात आमचा कारखाना दिला असता तर लढाई संपून तह झाल्यावर पहिला गोळा बाहेर पडला असता."

आणि शेंगा घेऊन आत.

आता रागावू नकोस, पण तू नसताना अटी पाळायचा कंटाळा येतो. तुमच्या भांडणात मी कुणाचीच बाजू घेतलेली नाही. सरकारी प्रयोगशाळेतली कायम नोकरी सोडून तू हिंजवडीच्या कंपनीत गेलीस, यात माझ्या मते देशाचं काही नुकसान झालं नाही. पण राजीनामा दिल्यावरही तू महिनोन् महिने रोज त्याच वेळी, तोच डबा घेऊन, प्रयोगशाळेत जाते आहे असं दाखवत बाहेर पडलीस. आणि मग एक दिवस तुझ्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो कुणीतरी प्रेमानं घरी आणून दिला. भाऊजींची कंपनी रातोरात बंद पडल्यानंतर ज्या बाईनं 'कायम' या एका शब्दावर संसार ओढला, तिच्या हातात तो फोटो. ती तुला जे बोलली ते मीही ऐकलं आहे. "पगाराची घाई झाली होती तुला" हे तिनं म्हणायला नको होतं. पण मला ती आजतागायत पगाराबद्दल काहीही बोललेली नाही. एवढंच म्हणते, "डबा मी भरत होते."

लिहून झालं. आता पुसायला हवं, पण पुसायचं बटण मला सापडत नाही असं समज.

मामा


खडकी, १६ ऑगस्ट २००३

चि. पूर्वा,

ग्रंथालय सोडून दिलं. आता जे कळलं ते तुलाही सांगतो. शत्रूला फुकट सल्ला देणारा इतिहासातला मी पहिलाच असेन.

सावकाश वेग म्हणजे सगळंच सावकाश, असं मी धरून चाललो होतो. जलद खेळातले डाव तसेच टाकायचे, फक्त जांभया देत. तसं नाही. वस्तू तयार व्हायला तिप्पट वेळ लागतो, नवी विद्या शिकायला तिप्पट, गावाची वस्ती वाढायला तिप्पट. पण माणसाचं पाऊल मात्र पूर्वीइतकंच पडतं! जलद खेळात वाटाड्या एक टेकडी चढेपर्यंत मागे गावात मंदिर उभं राहायचं. इथे गावात भिंतीचा एक थर चढेपर्यंत वाटाड्या अर्धं जग बघून येतो. म्हणून सर्वात आधी वाटाड्या काढायचा. नंतर भालेकरी, कारण इथे गेलेली वस्तू पुन्हा करायला फार काळ जातो, तेव्हा ती जाऊच द्यायची नाही. शिवाय नवी हत्यारं लवकर निघत नाहीत, म्हणून आज केलेला भालेकरी बराच काळ जुना होत नाही. ज्याला स्वारी करायची आहे त्यानं सुरुवातीलाच करावी. ग्रंथालय वगैरे चैन नंतर.

थोडक्यात, मशीनवर जॉब अडकला म्हणून गेटवर ट्रक उभा करून ठेवायचा नसतो. तेवढ्यात त्याची दुसरी फेरी होते.

हे शेवटचं वाक्य मला कसं सुचलं ते विचारू नकोस. मी आयुष्यात ट्रकमध्ये बसलेलो नाही.

मांजरीच्या बिल्डरला परवा फोन केला होता. 'निसर्गाच्या कुशीत' अशी त्याची जाहिरात आहे. इमारत अजून कुशीतून बाहेर यायला तयार नाही. म्हणाला, "साहेब, काम फास्ट चालू आहे." तो कुठल्या वेगावर खेळतो ते मला आता नीट कळतं.

मामा


खडकी, २० सप्टेंबर २००३

चि. पूर्वा,

दोन महिन्यांनी तुझी दुसरी ओळ आली : "मामा, तू एकदम सुधारलास कसा?"

अभ्यास केला. या वयात माणसाला सुधारता येत नाही असं तुम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं. माझी आता तीन गावं आहेत, वेशीवर भालेकरी आहेत, एक घोड्यांचं कुरण आहे. लुटारू परवा आले आणि रीतसर मार खाऊन गेले. तिसरं गाव वसवायला निघालेल्या माणसांना मी थेट वसवलं नाही, जरा फिरवलं. डोंगराआड तळं निघालं. आधीच्या अनंतमामानं त्यांना अलीकडच्या माळरानात बसवून वर कमान उभारली असती.

घरची बातमी. ताई बरी आहे. गुडघा कुरकुरतो. (हे गुडघ्याविषयी आहे.) निवृत्तीनंतरही सहाला उठते, कारखान्याच्या भोंग्याला घड्याळ लावते आणि मला म्हणते, "ऊठ, फाईल आली असेल." तुझी फाईल आमच्या सकाळी येते ना. मोडेम लावला की तो जो किंचाळतो, त्याला ती 'तुझा प्राणी' म्हणते. "अनंता, तुझ्या प्राण्याला ओरडू दे एकदा." मग खुर्ची ओढून बसते. मी विचारलं, ही खुर्ची इथे कशाला? म्हणाली, "इथे वारा येतो." कॉम्प्युटर ज्या कोपऱ्यात आहे तिथे गेल्या वीस वर्षांत वारा आलेला नाही. तो यावा म्हणून मी अर्जही केलेले नाहीत.

गेल्या गुरुवारी तुझी फाईल आली नाही. शुक्रवारीही नाही. तुला ताप होता हे तू नंतर त्याच ओळीच्या शेपटीला कळवलंस. त्या दोन दिवसांत या घरात भाजीला मीठ नव्हतं. मी ते मुकाट्यानं खाल्लं.

मामा


खडकी, १८ ऑक्टोबर २००३

चि. पूर्वा,

तुला आजच्या फाईलमध्ये दिसेलच. माझा घोडेस्वार तुझ्या राजधानीच्या दाराशी उभा आहे. आत एकही शिपाई नाही हेही मला दिसलं. मी आत शिरलो नाही. मागून येणाऱ्या लुटारूंच्या वाटेत त्याला उभा केला आहे.

का, ते विचारू नकोस. लेखकाची लहर.

आज एवढंच. बोटं दुखतात.

मामा


खडकी, २१ ऑक्टोबर २००३

चि. पूर्वा,

तुझं उत्तर वाचलं. इतकं लांब पत्र तू गेल्या वर्षभरात कुणाला लिहिलं नसशील : "मामा, तो स्वार तू उभा केलेला नाहीस. तू आत घुसून, गाव जाळून, वर त्यावर रविवारी लेख लिहिला असतास. ट्रकचं वाक्य वाचलं तेव्हाच मला शंका आली होती. आईला विचार, तिनं मला का सोडलं?"

लेखाबद्दल म्हणशील तर मथळासुद्धा तयार होता. बाकी तुझं सगळं खरं. गवारीच्या शेंगांनंतरची एकही चाल माझी नाही. मी फक्त बटणं दाबतो. त्या दिवशी शेंगा आत ठेवून ताई पुन्हा बाहेर आली आणि म्हणाली, "ऊठ जरा. वस्तूला किती वेळ, माणसाला किती वेळ, ते आधी एका कागदावर मांडू." प्लॅनिंग सेक्शनमध्ये आयुष्य काढलेली बाई. तिनं मला बजावलं होतं, "तिला कळता कामा नये. कळलं तर फाईल बंद करील." म्हणून इतके दिवस तुला फसवलं. तिला कबूल केलं होतं की सांगणार नाही, तुला कबूल केलं होतं की लिहिणार नाही. दोघींच्या मध्ये राहून मी खोटं बोलण्यात एवढा तरबेज झालो की आता निवडणुकीला उभा राहायला हरकत नाही.

आता शनिवारी काय झालं ते जसंच्या तसं सांगतो.

आमचा स्वार डोंगर उतरला आणि नकाशावरचा काळोख सरकला. समोर नदी. नदीच्या वळणावर, दोन्ही बाजूंना हिरवं रान घेऊन तुझी राजधानी. तोवर ती आम्ही पाहिलीच नव्हती. ताईनं खुर्ची आणखी पुढे ओढली. मग म्हणाली, "म्हणून हिंडत होती ही."

मी म्हटलं, "कधी?"

"पहिल्या दिवशी. तू नाही का हसलास? या वेगावर सुरुवातीला चार पावलं हिंडलं तर काही जात नाही. पुढे एवढा मोठा पल्ला पडलेला असतो. जागा बघूनच बसली ती. बरोबर केलं."

मग गावाखालचं नाव वाचायला तिनं चष्मा पुसला. रोमन अक्षरांत होतं. मी वाचून दाखवणार तोच तिनं हात वर केला. Quarter 14/3. तुम्ही दोघी जिथे राहिलात, जे तिनं मे महिन्यात किल्ली जमा करून सोडलं, ते. पूर्वा, अख्ख्या पृथ्वीवरची नावं मोकळी होती ना तुला?

  मला गप्प बसता येत नाही, हा व्यवसायाचा दोष आहे. मी म्हटलं, "ताई, आत कुणी नाही! एक चाल, की राजधानी आपली. डाव खलास!"

"कुणी नाही म्हणजे?"

"एक शिपाई नाही. दार उघडं आहे."

"बघ," ती म्हणाली, "कडी लावलेली नाही. लहानपणापासून अशीच. दूध आणायला जायची ते दार सताड उघडं टाकून."

"घुसू का?"

"आणि घुसल्यावर?"

"आपण जिंकलो."

"मग उद्या सकाळी फाईल येईल का?"

मी वीस वर्षं लोकांना टोचून बोलण्याचे पैसे घेतो. मी माऊसवरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात तिनंच पडद्यावर बोट ठेवलं. तुझ्या मागच्या रानातून लुटारूंची टोळी येत होती. तुला ती दिसली नसणार, तुझे वाटाडे दूर गेले आहेत. "याला इथे आण," ती म्हणाली. "दाराच्या आणि त्यांच्या मधे." मी म्हटलं, "अगं, तो मरेल, आणि नवा स्वार करायला आपल्याला संक्रांत उजाडेल." म्हणाली, "मला कुठं ड्यूटीवर जायचंय?"

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे की नाही मला माहीत नाही. मी तिला विचारलं, "पूर्वा विचारते आहे, का सोडलंस?" तिनं विळी पुढ्यात ओढली आणि निम्मी कोबी चिरून होईपर्यंत वर पाहिलं नाही. मग म्हणाली, "कागद काढ. मी सांगते ते लिही. आणि मधे तुझी एकही कोटी नको."

तेव्हा मी इथे थांबतो. खालचं पत्र जसं सांगितलं तसं आहे. हात माझे आहेत, बाकी काही माझं नाही. ता. क. सुद्धा जोडायचा नाही अशी ताकीद आहे.

मामा


खडकी, २१ ऑक्टोबर

पूर्वा,

तुझं गाव चांगल्या जागी आहे. हिंडून जागा शोधलीस ते बरोबर केलंस. मी असते तर उभी होते तिथेच बसले असते आणि मग पाण्यासाठी जन्मभर वणवण केली असती.

पण गावात शिपाई नाही. आधी दोन भालेकरी काढ, मग धान्याचं कोठार. तुझे दोन वाटाडे लांब फिरताहेत, त्यातला एक परत बोलाव. घराच्या मागे काय चाललं आहे ते बघायला कुणीतरी हवं. दाराशी उभा आहे तो माझा माणूस टेंपररी आहे. लुटारूंनी त्याला जखमी केलं आहे. त्याच्या भरवशावर राहू नकोस.

क्वार्टर चौदा-तीनची किल्ली देताना मी खिडकीचे पडदे काढायला विसरले होते. शेजारच्या आबेदानं परवा आणून दिले. ठेवले आहेत. मांजरीच्या खिडक्यांना बसतील की नाही ते खिडक्या झाल्यावर कळेल.

ताप होता तेव्हा कोण होतं जवळ?

रविवारी सकाळी सातला फोन कर. अनंता त्या वेळी त्याचा प्राणी लावणार नाही, लाईन मोकळी असेल. डब्याला काय नेतेस ते विचारणार आहे. खरं सांग.

आई